अनावश्यक हालचाल

परीक्षकाची खुर्ची मला आवडायची, हे आधीच कबूल करतो. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की अकोल्या-अमरावतीच्या दोनचार शाळांमधून फोन यायचे, ‘सर, काव्यवाचनाला तुम्हीच पाहिजे.’ मी आढेवेढे घ्यायचो आणि जायचो. गुणपत्रकही मीच आखलेलं होतं. उच्चार २०, पाठांतर १०, हावभाव १०, कवीची ओळख १०. एकूण ५०. सुरेश भटांची गझल म्हणायला आलेल्या पोरानं ‘जन्म अमरावती, १५ एप्रिल १९३२’ असं ठणकावून सांगितलं की ओळखीचे दहापैकी दहा.

बोलताना एखाद्याच्या तोंडून ‘मले’ निसटलं, ‘डोळा’चा ‘डोया’ झाला, की उच्चाराचे दोन गुण मी निळ्या पेनानं कापायचो. विठ्ठल वाघांची ‘तिफन’ मात्र वऱ्हाडी वळणासकट चालायची. ती पुस्तकात होती, ‘अरे संसार संसार’ सिनेमात होती, रेडिओवर लागत होती. छापलेलं वऱ्हाडी म्हणजे साहित्य आणि पोरांच्या तोंडचं वऱ्हाडी म्हणजे चूक, असा माझा हिशेब होता. तो हिशेब मी स्वतःला कधी मोठ्यानं वाचून दाखवला नाही, एवढंच.

अशाच एका वर्षी अकोल्यात स्पर्धक क्रमांक १७ आली. दर्यापूरकडची, सातवीतली. तिनं पुस्तकातलं काहीच म्हटलं नाही, जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. सासुरवाशीण बाई भावाला सांगते, लुगडं नको, चोळी नको, येताना तुझ्या गावच्या गोड पाण्याची एक घागर घेऊन ये. पूर्णेकाठचा खारपाणपट्टा ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही मागणी समजावून सांगावी लागत नाही. विहीर भरलेली असते आणि पाणी तोंडात धरवत नाही. मीही त्याच पट्ट्यातला. तरी मी विचारलं, ‘कवीचं नाव?’

‘कवी नाई जी. आजी म्हनते हे.’

‘आजीनं लिहिलं?’

‘तिले लिवता नाई येत जी.’

सभागृह हसलं. मीही हसलो. ओळखीचे शून्य, उच्चाराचे सात. आणि ती म्हणताना कमरेतून पुढंमागं झुलत होती, उजवी मूठ पोटाशी आवळलेली, म्हणून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘अनावश्यक हालचाल.’ मला वाटलं, पोरगी घाबरली आहे.

यानंतर सहा-सात वर्षांनी भाचीचं लग्न होतं. हळद दळायला अंगणात जातं मांडून पूजा झाली, पाच सवाष्णी बसल्या आणि म्हणायचं काय, हे कोणालाच येईना. दोन फेरे झाले, जातं थांबलं. एका पोरीनं मोबाइलवर गाणं लावलं. तेवढ्यात मामी माजघरातून आल्या, ‘सरका बाप्पा’ म्हणाल्या, बसल्या आणि खुंटा धरला.

मी मांडवात खुर्चीवर होतो. मामींच्या मुठीकडे माझं लक्ष गेलं, मग कमरेकडे. पुढं, मागं. पुढं, मागं. खुंटा पुढं गेला की ओवीचा अर्धा चरण, मागं आला की उरलेला. शेवटचा तुकडा आखूड, कारण तिथं मुठीनं हळकुंड टाकायचं असतं. मला एकदम क्रमांक १७ आठवली. त्या पोरीच्या समोर जातं नव्हतं, पण ती दळत होती.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन मामींपुढं बसलो. म्हटलं, सांगा, लिहून घेतो. त्यांना एक ओळ धड आठवेना. चिडल्या. ‘हात चालला त तोंड चालते, बाप्पा.’ जातं तोवर शेजाऱ्यांनी परत नेलं होतं. शेवटी त्यांनी फरशीवर मूठ ठेवली आणि नुसतीच गोल फिरवायला लागल्या. मग धडाधड ओव्या आल्या, मला लिहवेनात इतक्या. ‘ह्या कोणाच्या?’ मी सवयीनं विचारलं. ‘कोनाच्या म्हंजे?’ त्यांना प्रश्नच कळला नाही.

खरी लाज मला पुढं वाटली, वर्गात. महदंबेचे धवळे मी वर्षानुवर्षं शिकवत आलो होतो. मराठीची आद्य कवयित्री, तेरावं शतक, दोन गुणांचं टिपण. ऋद्धिपूर आमच्याच अमरावती जिल्ह्यातलं. गोविंदप्रभूंना आपलं लग्न व्हावं अशी लहर आली, भक्तांनी लग्नाचा घाट घातला आणि महदंबेनं कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायिले. गायिले, हा शब्द मी फळ्यावर दरवर्षी लिहीत होतो. लग्नघरात बाईनं उभ्या उभ्या म्हटलेलं काव्य ते. माझ्या गुणपत्रकावर महदंबेला हावभावाचे किती पडले असते, कोण जाणे.

तेव्हापासून आमच्या शाळेत २७ फेब्रुवारीला मी स्पर्धा ठेवत नाही. पोरांनी घरात किंवा गल्लीत कोणी म्हणतं ते आणायचं आणि ‘कवीचे नाव’ या रकान्याच्या जागी ‘कोणाकडून ऐकलं’ हे लिहायचं. सगळं साजरं झालं असं मात्र नाही. पहिल्या वर्षी निम्म्या पोरांनी जाहिरातीतली गाणी आणली. एकानं नव्या सिनेमातलं गाणं आजीच्या नावावर खपवलं, आणि आजी प्रेक्षकांत बसलेली होती. पण दोघीतिघींनी भुलाबाईची गाणी आणली, एकानं हातगाडीवाल्याची आरोळी. शुद्धलेखनाचा आग्रह मी सोडलेला नाही. निबंधात ‘मले’ आलं तर आजही लाल खूण करतो, त्यावरून तरुण शिक्षक मला टोमणे मारतात. हावभावाच्या नावाखाली छातीवर हात ठेवून डोळे मिटणाऱ्या पोरांचा मला अजूनही राग येतो.

एक गोष्ट मात्र बदलता आली नाही. पोरानं मंचावर वऱ्हाडी उच्चारली की सभागृह हसतं, दुःखाच्या ओवीलाही. हास्यकवींनी आमची बोली गावोगाव नेली, हे त्यांचं मोठंच काम, पण ऐकणाऱ्याला तिच्यावर हसायचीच सवय लागली. हसणाऱ्यांत मी होतो, तेव्हा त्यांना गप्प कोणत्या तोंडानं करू?

ते जुनं गुणपत्रक कपाटात सापडलं. नावं आम्ही मुद्दाम लिहीत नसू, परीक्षकानं पक्षपात करू नये म्हणून. त्यामुळे त्यावर नुसतं १७ आहे, आणि पुढं माझ्या अक्षरात एकूण २३.