रोज टिपावं, महिन्याला मांडावं

इंटरनेटवर लिहिणारे किंवा व्हिडिओ करणारे बरेच जण मधेच थांबतात. आवड आटल्यामुळे असं होतं हे मला पटत नाही. सुरुवातीलाच न झेपणारा शब्द दिलेला असतो, तो नडतो. पहिल्या महिन्यात डोक्यात वीस विषय असतात, म्हणून ‘रोज एक’ असं जाहीर करून टाकतात. विसावा विषय संपतो तेव्हा घरात कुणाचं तरी लग्न असतं, मुलांच्या परीक्षा असतात, ऑफिसात मार्चअखेर असते. चार दिवस चुकतात, मग चुकल्याची लाज वाटते आणि त्या लाजेपायी पुढचे चार महिने हात उचलत नाही. म्हणून वेग ठरवताना आपल्या सर्वांत ओढाताणीच्या महिन्याकडे बघावं, असं माझं ठाम मत आहे. त्या महिन्यात एकच जमणार असेल तर वर्षभर महिन्याला एकच. रोज करायचं ते टिपण.

याचा भक्कम दाखला मराठीतच आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४च्या जानेवारीत ‘निबंधमाला’ सुरू केली आणि सात वर्षं चालवून ८४ अंक काढले. मजकूर जवळजवळ एकहाती. यातला बराच काळ ते सरकारी शाळेत शिकवत होते. नोकरी सोडली ती १८७९मध्ये. प्रतिभा होतीच, पण नुसत्या प्रतिभेवर ८४ अंक निघत नाहीत. त्याआधी ‘शालापत्रक’ या नियतकालिकाच्या संपादनात त्यांचा हात बसला होता. शिवाय त्यांनी मासिकाचा वेग धरला, आणि इंग्रज लेखक डॉ. जॉन्सनसारखा मोठा विषय एका अंकात न कोंबता अनेक अंकांतून क्रमशः चालवला. मोठा विषय असा उलगडत नेला की आजच्या अंकातच पुढच्या अंकाची बेगमी होते. आज एकट्यानं चॅनेल चालवणाऱ्याला याहून उपयोगी गोष्ट मला तरी दिसत नाही.

उकडीच्या मोदकांचंच घ्या. दहा मिनिटांच्या व्हिडिओत सारण, उकड, पारी, कळ्या, वाफवणं सगळं बसवलं की विषय एका दिवसात संपतो आणि उद्या काय, हा प्रश्न उरतोच. त्याऐवजी नुसत्या उकडीपाशी थांबून बघा. पाणी किती, पिठी कधी घालायची, झाकण किती वेळ ठेवायचं, गरम असतानाच हाताला तेल-पाणी लावून कशी मळायची. आणि पारी कडेला चिरली तर उकड कोरडी आहे की मळणं कमी पडलं, हे ओळखायचं कसं. एवढ्यावर एक पूर्ण व्हिडिओ होतो. कळ्यांचा दुसरा, कारण अंगठा आतून आणि दोन बोटं बाहेरून कशी धरायची हे फोन अगदी जवळ नेल्याशिवाय कळत नाही. खाली लोक विचारतील, जुन्या तांदळाची पिठी चालेल का? त्याचं उत्तर हा तिसरा. चतुर्थी भाद्रपदात, पण संकष्टी दर महिन्याला येते. एकेका संकष्टीला एकेक भाग चित्रित करून ठेवला तर गणपतीच्या तोंडावर धावपळ उरत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की अल्गोरिदम थांबणाऱ्याला विसरतो. त्यात तथ्य आहे. रील्सच्या गर्दीत कालचं आज मागं पडतं, आणि बातम्या, शेअर बाजार, क्रिकेट यांत तर आजचं आजच लागतं. पण ते काम एकट्यानं, नोकरी सांभाळून करण्याचं नव्हे, त्याला माणसं लागतात. शिकवणारा, समजावणारा मजकूर वेगळा. लोक तो गरज पडेल तेव्हा शोधतात. उकडीचा नीट केलेला व्हिडिओ दर भाद्रपदात नव्यानं पाहिला जातो. दुसरा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो: भरपूर केल्याशिवाय हात वळत नाही, मग महिन्याला एक करून शिकणार कधी? खरं आहे, भरपूर करायलाच हवं. पण गवई रोज रियाज करतो, म्हणून रोज मैफल लावत नाही. रोज दहा ओळी लिहा, रोज एक मिनिट चित्रित करून स्वतः पाहा, आवाज कुठं पडतो, उजेड कुठं कमी आहे ते वहीत मांडा. ते सगळं लोकांपुढं ठेवायलाच हवं असं नाही. अर्धकच्चं रोज पाहायला मिळालं की आपला माणूसही न उघडताच पुढं जातो, आणि गेलेला विश्वास परत मिळवायला फार दिवस लागतात.

तेव्हा ज्यांनी चॅनेल किंवा लेखन अर्ध्यावर सोडलं आहे त्यांना माझी विनंती आहे. परत सुरू करताना नवं वेळापत्रक जाहीर करू नका. आधी गुपचूप चार भाग पुरे करून हाताशी ठेवा. पाचवा अर्धा झाला की मगच पहिला लोकांपुढं आणा.