विग्रह आणि संधी

घरातील बिघडलेल्या वस्तूकडे पाहण्याच्या रीतीवरून माणसांचे दोन वर्ग सहज करता येतील. घड्याळ बंद पडले की ते कानाशी नेऊन, दोनदा हलवून, पुन्हा भिंतीवर टांगणारा एक वर्ग. आणि ते पालथे घालून पेचकस शोधू लागणारा दुसरा. पहिला वर्ग संख्येने मोठा आणि घरात लोकप्रिय असतो. दुसऱ्याच्या वाट्यास बहुधा बोलणीच येतात. कारण त्याने उघडलेल्या कित्येक वस्तू पुढे कागदाच्या पुड्यांत राहतात आणि दिवाळीच्या साफसफाईत गृहिणीच्या हाती लागतात. मी जन्माने पहिल्या वर्गातला. तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले. विग्रह केले ते समासांचे, यंत्रांचे नव्हेत. परंतु गेल्या पावसाळ्यात, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, माझे वर्गांतर झाले; आणि त्यास कारण झाली आमच्या वडील बंधूंची सायकल.

अण्णा नोकरीच्या निमित्ताने चार वर्षे उत्तर इटलीत होते. १९९५ साली ते परत आले तेव्हा सामानात इतर कोणतीही चैनीची वस्तू नव्हती. होती ती एक शर्यतीची सायकल, बारीक पोलादी नळ्यांची आणि बोटभर रुंदीच्या चाकांची. पुढे वीस-बावीस वर्षे दर रविवारी पहाटे खडकवासल्यापर्यंत आणि अंगात जोर असेल त्या दिवशी थेट सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत ती त्यांना नेत असे. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा एक सौम्य झटका येऊन गेला. अण्णा चालू-बोलू लागले; परंतु उजव्या हाताच्या बोटांतील नाजूक हालचाल परत आली नाही. सदऱ्याची गुंडी लावावयासही त्यांस वेळ लागतो. तेव्हापासून सायकल जिन्याखाली जुन्या चादरीत गुंडाळलेली होती.

ती बाहेर निघाली त्यांच्या नातीमुळे. ती यंदा कॉलेजात गेली, आणि "आजोबा, ही मी वापरू का?" असे तिने विचारले. चाकांत हवा भरली, साखळीस तेल दिले. पण उजव्या हाताचा गिअर काही केल्या धरीना. आतील दांडी दाबली तरी नेहमीचा 'टक्' असा आवाज नाही. साखळी मोठ्या चक्रावर चढल्यासारखी करी आणि लगेच घसरून खाली येई. दोन दुकानांत विचारले. दोन्हीकडे एकच उत्तर मिळाले, की हे फेकून नवी जोडी बसवा. पण आजची नवी जोडी अकरा-बारा चक्रांच्या हिशेबाने बनविलेली. हिची मागली चक्रे आठच. म्हणजे गिअरबरोबर चक्रेही बदलावयाची, चक्रांसाठी मागील चाक बदलावयाचे. शेवटी जुन्या सायकलीची फक्त चौकट उरावयाची!

हा गिअर म्हणजे नेमके काय, हे अण्णांनी मला प्रथमच नीट समजावून सांगितले. शर्यतीच्या सायकलीवर गिअर बदलणे ही एके काळी मोठीच यातायात होती. फ्रान्समधील प्रसिद्ध शर्यतीत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारी यंत्रणा वापरण्याची मुभा स्वारांस १९३७ साली मिळाली. तोपर्यंत मागील चाकाच्या दोन बाजूंस लहान-मोठी दातेरी चक्रे असत, आणि घाट लागला की स्वाराने खाली उतरून चाकच उलटे करून बसवावयाचे. पुढे चौकटीच्या तिरप्या नळीवर दोन लहान दांड्या आल्या. त्यांस ठराविक थांबे नव्हते; एक हात सोडून दांडी ओढावयाची आणि ती कोठे थांबवावयाची हे, सतारीची तार जुळवावी तसे, कानाने आणि बोटाने ठरवावयाचे. १९८४ साली शिमानो या जपानी कंपनीने दांडीस नेमके थांबे दिले, आणि १९९० साली गिअर व ब्रेक एकाच मुठीत आणले. इटलीतील विचेंझा गावच्या कांपान्योलो कंपनीने १९९२ साली आपली निराळी रचना काढली, ती एर्गोपॉवर. आमच्या सायकलीवर तीच होती. ब्रेकच्या दांडीमागे एक दुसरी दांडी. ती बोटांनी आत दाबली की तार ओढली जाते आणि साखळी मोठ्या चक्रावर चढते. मुठीच्या आतल्या अंगास एक लहान कळ. ती अंगठ्याने दाबली की तार सुटते आणि साखळी लहान चक्रावर उतरते.

पोटात काय असते, हे पाहावयाचे तर मूठ उघडावी लागते. जपानी मूठ उघडण्यासाठी केलेली नाही. आतील ग्रीस वाळून ती अडली तर पातळ तेलाने धुऊन काढावी, आणि बहुधा तेवढ्यानेच ती चालू लागते. इटालियन मूठ मात्र उघडून तिचे भाग बदलता येतात. आत एक खाचांची चकती असते आणि तिला टेकून, रोमन 'जी' अक्षराच्या आकाराच्या, नखाएवढ्या दोन कमानी. चकती फिरली की कमानी एका खाचेतून निघून पुढच्या खाचेत पडतात; तोच तो 'टक्' आवाज, आणि तीच ती पकड. वर्षानुवर्षे खाचांत पडून-उठून याच दोन कमानी झिजतात, वाकतात, क्वचित मोडतात. बाकीचे यंत्र जसेच्या तसे राहते. सगळी झीज सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लहान भागाने सोसावी, आणि तो बदलता यावा, ही योजना ज्याने केली त्याचे मला कौतुक वाटले. थोरल्या कुटुंबांतही असे एखादे माणूस असते. फरक इतकाच, की त्याच्या जागी दुसरे आणता येत नाही.

कमानींची जोडी परदेशातील एका जुन्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याकडून मागविली. आता प्रश्न उघडावयाचे कोणी? अण्णांस ठाऊक होते, पण हात चालत नव्हता. माझे हात शाबूत होते, पण त्यांस काही ठाऊक नव्हते. आणि वहिनींचा तर या सर्वच उद्योगास विरोध होता. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ती दुरुस्त झाली की हे तिच्यावर बसणार. मग तुम्ही धरायला येणार आहात का?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. संस्कृतात विग्रह या शब्दाचा एक अर्थ फोड आणि दुसरा भांडण; आमच्या घरी दोन्ही एकाच दिवशी सुरू झाले.

माजघरात जुने धोतर पसरले, म्हणजे बारीक भाग घरंगळत जाणार नाहीत. वहिनींच्या अडगळीतील मिसळणाचा डबा घेतला. त्याच्या सात वाट्यांत भाग क्रमाने ठेवावयाचे ठरले. अण्णा आरामखुर्चीत. प्रथम गिअर सर्वांत लहान चक्रावर आणून तार पूर्ण सैल केली आणि काढली. मुठीवरील रबर इतके ताठरले होते की ते कोमट पाण्याने शेकून मऊ करावे लागले. मग ब्रेकच्या दांडीची खीळ, मग मधला बोल्ट. आणि त्यानंतर एकामागून एक वायसर, दांडी, चकती, कमानी. ग्रीस काकवीसारखे दाट होऊन तपकिरी पडले होते. एक कमान सरळ होऊन गेली होती. दुसरीच्या टोकाची धार गेली होती. दोष कोणाचाच नव्हता. तीस वर्षे आणि सिंहगडचा रस्ता यांचे ते काम.

नात प्रत्येक पायरीचे छायाचित्र घेत होती. अण्णा म्हणाले, "घे, पण त्यावर विसंबू नकोस. भाग कोठे होता ते चित्रात दिसते. तो किती घट्ट होता ते दिसत नाही." त्यांनी मला निराळीच रीत सांगितली. दोन भाग काढावयाचे, तेच पुन्हा बसवावयाचे, पुन्हा काढावयाचे, आणि मगच तिसऱ्यास हात लावावयाचा. मी थांबलो आणि हसू लागलो. हा तर जटापाठ! वेद मुखोद्गत ठेवणाऱ्यांनी दोन पदे आधी सुलट, मग उलट, मग पुन्हा सुलट म्हणण्याची जी रीत घातली, ती एवढ्याचसाठी, की एकही पद गळू नये आणि क्रम मोडू नये. जो क्रम उलटाही म्हणता येतो तोच खरा पाठ झालेला असतो. वर्गात हे मी अनेक वेळा सांगितले होते. ते बोटांनाही लागू पडते हे त्या दिवशी कळले.

टर्पेंटाइन आणि दात घासण्याचा जुना ब्रश यांनी प्रत्येक भाग धुतला, पुसला, आणि नव्या ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. दाट ग्रीस कमानीस खाचेत पटकन पडू देत नाही, असे अण्णांनी बजावले होते. नव्या कमानी बसल्या. सारे सुरळीत चालले होते. परंतु शेवटी एक गुंडाळलेली कमान ताण देऊन फिरवावयाची आणि तशीच धरून वरचा भाग बसवावयाचा होता. एका हाताने मूठ, दुसऱ्याने तो भाग. कमान धरावयास तिसरा हात कोठून आणावा? ती चार वेळा निसटली. अण्णांचा उजवा हात नकळत पुढे आला, थरथरला आणि त्यांनी तो मांडीवर परत घेतला. ते कोणीच बोलून दाखविले नाही.

इतक्यात वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. काही वेळ नुसत्या पाहत राहिल्या. मग आत जाऊन विणकामाच्या पिशवीतून क्रोशाची सुई घेऊन आल्या. "सरका, भाऊजी. तुमच्याने व्हायचे नाही ते." सुईच्या आकड्यात कमानीचे टोक धरून त्यांनी अर्धा वेढा असा अलगद फिरविला, की मी वरचा भाग ठेवला आणि बोल्ट आपल्या जागी गेला.

मागील चाक अधांतरी धरून अण्णांनी खुर्चीत बसूनच गिअर पाहिला. बोटांनी दांडी आत दाबली, टक्. साखळी चढली आणि टिकली. सात वेळा टक्, आठ चक्रे. उतरण्याची कळ मात्र अंगठ्याने दाबावयाची असते. अंगठा दोनदा नुसताच घसरला. तिसऱ्यांदा कळ दबली आणि साखळी खाली आली. वहिनी म्हणाल्या, "झाले ना समाधान? आता बसा तीवर!"

अण्णा शांतपणे म्हणाले, "मी नाही बसणार. रस्त्यावर माझा अंगठा तिसऱ्या खेपेची वाट पाहू शकत नाही, हे मला कळते. पण मी ती सोडली असे होऊ दे. ती गंजली म्हणून सुटली असे नको."

वहिनी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मिसळणाचा डबा घासून त्यांनी मला परत आणून दिला, आणि "डाव्या हाताचाही असाच उघडायचा असेल ना?" असे विचारले. एवढा संधी आमच्या घरास पुरेसा होता.

त्या वाक्याचा विचार मी पुष्कळ केला. वय झाले की बरेच काही सोडावे लागते: जिना, घाट, जागरण, आवडीचे खाणे. परंतु जे तुटले म्हणून सुटते त्याची रुखरुख राहते. जे धड असताना आपण होऊन दुसऱ्याच्या हाती ठेवतो, त्याची राहत नाही. आपले पूर्वज वैराग्य म्हणत ते बहुधा हेच असावे, आणि त्यासाठी वस्तू आधी नीट चालती करावी लागते, ही गोष्ट मात्र ग्रंथांत फारशी आढळत नाही. नात आता रविवारी खडकवासल्यास जाते. निघण्यापूर्वी ती मुठीस अण्णांचा हात लावविते, आणि ते एकदा गिअर टाकून, डोळे मिटून, आवाज ऐकतात. कमानी पुन्हा झिजतील तेव्हा उघडण्याचा क्रम तिला उलटसुलट पाठ आहे. आणि क्रोशाची सुई कोठे असते, तेही.