सांभाळून जा

आमच्या घरात कुणी प्रवासाला निघाले की उंबऱ्यातच नसीहतींचा पाऊस सुरू होतो. मिरजेला जाणाऱ्याला ‘उतरताना पिशव्या मोज’, मुंबईला जाणाऱ्याला ‘लोकलच्या दारात उभा राहू नको’, हजला जाणाऱ्याला ‘चपला पिशवीत घालून जवळ ठेव, नाहीतर अनवाणी परत येशील’. दुबई, कुवेत, रियाध इथेही खानदानातले कुणी ना कुणी राहून आलेले, त्यामुळे तिकडच्या सूचनाही सगळ्यांना पाठ. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमचा भाचा ब्राझीलला निघाला आणि घरातल्या साऱ्या जाणत्यांची वाचा बसली.

ब्राझील आम्हाला ठाऊक होते ते फुटबॉलपुरते. वर्ल्डकप आला की कोल्हापुरात अर्धी गल्ली ब्राझीलची आणि अर्धी अर्जेंटिनाची. चौकात नेमार आणि मेस्सीचे फलक, तालमीच्या कट्ट्यावर रात्रभर वाद. पण त्या मुलखात उतरल्यावर माणसाने वागायचे कसे, ते फलकावर थोडेच लिहिलेले असते?

भाचा शिरोलीच्या एका कारखान्यात इंजिनीअर आहे. तिथे साखर कारखान्यांसाठी सुटे भाग तयार होतात. जगात सर्वांत जास्त साखर ब्राझीलमध्ये होते आणि तिथला सर्वांत जास्त ऊस साओ पावलो राज्यात. तेव्हा कोल्हापूरच्या पोराला उसानेच तिकडे नेले म्हणायचे. मुक्काम रिबेराव प्रेतो या शहरात, तीन महिने. आपा म्हणाली, “तू मास्तर होतास, तूच काय ते शोधून सांग त्याला.” निवृत्त झाल्यापासून घरातली असली कामे आमच्याच वाट्याला येतात. तिकडे राहून आलेल्या एका गृहस्थांना फोन लावला, एक जुनी शंभर पानी वही काढली आणि लिहीत गेलो.

पहिली गोष्ट लसीची. पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यायची, कारण दाखला त्यानंतरच धरला जातो. ती न घेता कुणी ब्राझीलहून परतला, तर आपल्याकडे विमानतळावरूनच त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. भाचा मुंबईला जाऊन टोचून आला. जाण्यासाठी नव्हे, आपल्याच घरी परत येण्यासाठी दाखला लागतो, हे आपाला शेवटपर्यंत पटले नाही.

मग रीतिभाती. अंगठा आणि तर्जनी जुळवून आपण ‘झकास’ म्हणून दाखवतो, ती खूण तिकडे शिवी आहे. नुसता अंगठा वर केला की चालते, आणि तो दिवसभर सगळेच करतात. ओळखीच्या बायका भेटल्या की गालाला गाल लावतात, साओ पावलोत एकदा, रिओत दोनदा. यावर आमच्याकडे बराच वेळ खल झाला. पोरे हसत होती, आपा तोंडावर पदर धरून बसली होती. शेवटी आमच्या अम्मीने निकाल दिला, “छातीवर हात ठेवावा, हसून मान लवावी. अदबीची भाषा कुठेही कळते.” आम्ही ते वहीत उतरवून घेतले. पुढे तेच सर्वांत जास्त उपयोगी पडले.

भाषा पोर्तुगीज. ती अगदीच परकी नाही, हे सांगताना आमच्यातला मास्तर जागा झाला. पाव, चावी, पगार, बटाटा हे शब्द त्याच भाषेतून आपल्याकडे आले. आजरा-चंदगडचा काजू मूळचा ब्राझीलचाच, पोर्तुगीजांनी झाडही आणले आणि नावही. ज्या तांबड्या रश्श्यावर आपण मिशीला पीळ देतो, त्यातली मिरचीसुद्धा अमेरिकेकडूनच आलेली. आभार मानताना पुरुषाने ‘ओब्रिगादो’ म्हणायचे आणि बाईने ‘ओब्रिगादा’. भाच्याने दोन दिवस घरात प्रत्येक चहाच्या कपाला ओब्रिगादो म्हणून सर्वांना वैताग आणला.

खाण्याचे मात्र जपून. काळ्या घेवड्याची उसळ दिसली म्हणून ताट पुढे करायचे नाही, त्यांच्या फेजोआदात डुकराचे मांस असते. हलाल कोंबडी परदेशी पाठवण्यात ब्राझील जगात पहिला, पण तिथल्या दुकानातले प्रत्येक पाकीट हलाल नसते. सिरिया-लेबनॉनमधून शंभरावर वर्षांपूर्वी गेलेले अरब तिथे स्थायिक झाले. त्यांतले बहुतेक ख्रिस्ती, काही मुसलमान. त्यांचे खिमा भरलेले एस्फिहा तिकडे वडापावासारखे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. तिथेही आत काय आहे ते विचारूनच खायचे.

शेवटचे पान सुरक्षिततेचे. मोठ्या शहरात रस्त्यावर मोबाईल हातात धरून चालायचे नाही, मोटारसायकलवाले हिसकावून नेतात. कित्येक जण खिशात एक स्वस्तातला जादा फोन बाळगतात, चोराला द्यायला! कुणी अडवलेच तर असेल ते देऊन मोकळे व्हायचे, हात उचलायचा नाही. (तालमीत वाढलेल्या पोराला हे सांगणे सोपे नव्हते.) पोलिसांचा नंबर १९०. कुठल्याही क्लबची जर्सी घालून मॅचच्या दिवशी हिंडायचे नाही. साओ पावलोत मोठ्या क्लबांच्या आपसातल्या सामन्यांना २०१६ पासून फक्त यजमान क्लबच्याच पाठीराख्यांना आत सोडतात. हे मात्र भाच्याला समजावून सांगावे लागले नाही. कुठल्या पेठेत कुठला रंग घालून जावे, हे कोल्हापूरच्या पोराला उपजतच कळते.

मोबाईलचे कलम आम्ही दुसऱ्यांदा वाचले, तेव्हा भाचा हसला. म्हणाला, “मामू, मोबाईल सांभाळायचं मला नवीन आहे होय?”

कुणीच काही बोलले नाही. ७ जून २०२३ ला मोबाईलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटले होते. दगडफेक झाली, दुकाने फुटली, इंटरनेट बंद ठेवावे लागले. त्या रात्री आपाने त्याचा फोन स्वतःच्या हातात घेऊन एकेक ग्रुप पुसून टाकला होता. त्यात वावगे काही नव्हते, लग्नाचे फोटो आणि फुटबॉल. तरी पुसले. ब्राझीलमध्ये चोर फोन नेतो, आत काय आहे ते बघत नाही.

मग आमच्या ध्यानात आले की एक वही आपण कधी लिहिलीच नाही. रेल्वेत डबा उघडताना शेजाऱ्याकडे एकदा बघून घ्यावे. नमाज झाली की टोपी घडी करून खिशात. एसटीत कुणी नाव विचारले तर आडनाव आधी सांगावे, कारण आमचे आडनाव मराठ्यांतही आहे. पोर हे पाहून पाहून शिकला, आम्हीही आमच्या वडिलांना पाहून काही शिकलो होतो, पण इतके नाही. लहानपणी आम्ही विशाळगडावर मलिक रेहानबाबांच्या दर्ग्याला जायचो, तेव्हा सांभाळायचे ते फक्त निसरड्या वाटेला. भाचा निघण्याआधी जेमतेम महिनाभर, १४ जुलै २०२४ ला, त्याच वाटेवरच्या गजापुरात घरे आणि मशीद फोडली गेली.

आता हेही सांगायला हवे, नाहीतर आम्ही आमच्या गावाला बोल लावल्यासारखे होईल. त्या जूनमध्ये आमच्या धाकट्या भावाच्या बंद दुकानासमोर समोरचे भाऊ दिवसभर खुर्ची टाकून बसले होते, हातात पेपर घेऊन. ते काही बोलले नाहीत, आम्हीही आभार मानले नाहीत. शेजारधर्माला ओब्रिगादो म्हणायची आपल्याकडे रीत नाही.

जाण्याच्या दिवशी अम्मीने भाच्याच्या दंडाला इमामजामिन बांधला. आम्ही वही दिली. आपाने मोजून तीन ढेपा कोल्हापुरी गूळ दिला, वजन जास्त होते म्हणून एक विमानतळावर काढावी लागली.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ, तिकडे दुपारचा एक. म्हणाला, थंडी आहे. किबला इथे उगवतीकडे आहे, पहिल्या नमाजेला सवयीने मावळतीकडेच तोंड केले. घरमालकीण आजीबाई आहेत. गूळ दिला तर त्यांनी आतून तसलीच ढेप आणून समोर ठेवली, त्याला ‘रापादुरा’ म्हणतात. गालाचा प्रश्न छातीवर हात ठेवून सुटला.

आपाने फोन आमच्या हातातून घेतला. जेवलास का नाही विचारले. हळू आवाजात म्हणाली, “नाव विचारलं असेल ना त्यांनी?”

“विचारलं.”

“काय सांगितलंस?”

“पूर्ण सांगितलं, अम्मी.”

“मग?”

“मग काय? म्हणाल्या, स्पेलिंग सांग, वहीत लिहायचंय.”