गळ्याइतके पाणी

मराठी भाषेने पाण्याचा उपयोग बहुधा माणसांना घाबरवण्यासाठीच केला आहे, असा मला कधीकधी संशय येतो. एखाद्याचा राग आला की आपण त्याला पाण्यात पाहतो, हरवले की पाणी पाजतो, आशा संपली की तिच्यावर पाणी सोडतो, आणि संकट फारच वाढले की ते नाकातोंडात जाऊ लागते. वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवताना हे सारे वाक्प्रचार मी फळ्यावर लिहीत आले. अलीकडे मात्र पाण्याची बाजू घेऊन भांडावे असे मला वाटू लागले आहे. त्याला कारण झाला एक आजार. त्याचे नाव इतके लांबलचक, की लिहितालिहिताच बोटे दुखावीत : रुमॅटॉइड आर्थ्रायटिस.

आपण सरसकट ‘संधिवात’ म्हणून मोकळे होतो. पण म्हातारपणी गुडघे झिजून दुखतात ते निराळे, आणि हे निराळे. १८५९ साली आल्फ्रेड गॅरड या इंग्रज डॉक्टराने या दुखण्याला हे नाव दिले. आपल्या माधवनिदानातल्या ‘आमवाता’शी त्याचे साम्य पुष्कळ जण दाखवतात. यात शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांच्या आतल्या नाजूक अस्तरावर उलटते. वाड्याच्या राखणदाराने वाड्यातल्याच माणसांवर काठी उगारावी, तसला प्रकार! पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार दोन-तीन पटींनी अधिक. आणि पुष्कळदा येतो तो तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान. म्हणजे बाईला आजारी पडायला मुळीच सवड नसते, नेमक्या त्याच वयात.

माझ्याकडे तो २०१८च्या पावसाळ्यानंतर आला. सकाळी उठावे तर दोन्ही हातांची बोटे मिटत नाहीत. दुधाची पिशवी फोडता येत नाही, सांडशीत पातेले धरवत नाही. दीड तास गेला की बोटे हळूहळू सैल होत. पण महाविद्यालयाचा पहिला तास काही दीड तास थांबत नाही. मुलगी तेव्हा दहावीत होती. शाळेच्या घाईत ती माझ्या ब्लाउजचे हूक लावून देई, आणि मी आरशात तिच्याकडे पाहण्याचे टाळीत असे. वर्गात खडू दोनदा हातातून पडला तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलाने तो उचलून दिला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला. हसला असता तर बरे झाले असते. त्या आठवड्यात स्वेच्छानिवृत्तीचे नियम काय आहेत, हे मी कार्यालयात कोणालाही न सांगता वाचून घेतले.

रक्त तपासले, निदान झाले. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या. चुकून रोज घेतल्या तर जिवावर बेतते. म्हणून यांनी कॅलेंडरवरच्या प्रत्येक रविवारी हिरव्या शाईने खूण केली. (तांबडी शाई चालली नसती. रविवार आधीच तांबडा!) आणि सासूबाईंनी देव पाण्यात घातले.

हे मी डॉक्टरांना सहज गमतीने सांगितले. ते हसले नाहीत. म्हणाले, “देवांना राहू द्या, पण तुम्हीही पाण्यात उतरा. पोहता येतं का?”

पोहता येतं का! अहो, माझे माहेर वाईचे. कृष्णेच्या घाटावर काकांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला पाण्यात ढकलले, तेव्हा मी आठ वर्षांची होते. पंधरवड्यात डबा सुटला. मग घाटाच्या वरच्या पायरीवरून सूर मारण्यात मी थोरल्या भावालाही हार जात नसे. तेराव्या वर्षी आजी म्हणाली, “आता पुरे.” माझी नदी बंद झाली, भावाची चालू राहिली. त्यानंतर पंचवीस वर्षे मी काठावरून पाय बुडवले असतील, तेवढेच.

डॉक्टरांनी पहिलीच अट घातली ती सूर न मारण्याची. या आजारात मानेच्या वरच्या मणक्यांचे बंध सैल पडण्याचा धोका असतो. त्यांना हिसका बसता कामा नये. जखम असेल तर पाण्यात उतरायचे नाही, कारण औषधाने रोगप्रतिकारशक्ती थोडी उणावते. सांधे सुजून लाल झाले असतील त्या दिवशी अंगमेहनत नाही. हे सारे मान्य करून मी पोहण्याचा पोशाख आणला, एक माप मोठा, पुढून चेनचा. चेनच्या चिमटीत नाडीचा तुकडा ओवला, म्हणजे चिमटीने न धरता बोट अडकवून ती ओढता येते. सासूबाईंनी तो पोशाख हातात घेऊन उलटसुलट न्याहाळला. आता व्याख्यान ऐकावे लागणार, अशा तयारीने मी उभी राहिले. त्या एवढेच म्हणाल्या, “याला हूक नाहीत ना गं?”

आमच्या गावच्या तलावात बायकांसाठी दुपारची वेळ राखून ठेवली आहे. तलाव चांगला, पाणी स्वच्छ. पण उतरायला भिंतीला ठोकलेली उभी लोखंडी शिडी! हा तलाव बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त धडधाकट तरुण असावेत. ज्याच्या मुठी वळत नाहीत त्याने त्या गजांना कसे धरावे? मी कोपराचा आकडा करून गजांत अडकवला आणि एकेक पायरी उतरले. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, आणि काहीतरी सुटल्यासारखे झाले.

हे कवित्व नव्हे, साधे पदार्थविज्ञान आहे. माणूस कमरेपर्यंत पाण्यात उभा राहिला की त्याच्या पायांवर जवळजवळ निम्मेच वजन येते. छातीपर्यंत गेला की सुमारे एक तृतीयांश. गळ्यापर्यंत गेला की दहावा हिस्साही नाही. म्हणजे गळ्याइतक्या पाण्यात माझे वजन एखाद्या तान्ह्या मुलाइतके! सकाळपासून ज्या घोट्यांनी पावलोपावली कुरकूर केली होती, ते एकाएकी गप्प झाले. मी चालले. काठाकाठाने दहा पावले गेले, दहा पावले मागे आले. पोहले नाहीच त्या दिवशी.

पाण्याचा दुसरा गुण मला पुढे कळला. ते समजूतदार आहे. हात हळू फिरवला तर ते वाट देते, जोरात फिरवला तर तितक्याच जोराने अडवते. लोखंडी वजने उचलताना आपली ताकद कमी पडली, तरी वजन काही हलके होत नाही. इथे प्रत्येकाला ज्याच्या-त्याच्या ताकदीचा प्रतिस्पर्धी मिळतो. पाण्याखाली मूठ मिटायची, उघडायची. तळवा पालथा करून पाणी दाबायचे. मनगट गोल फिरवायचे. शेजारी बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई गुडघ्यांसाठी येत. माझी बोटे पाहून त्या म्हणाल्या, “मास्तरीणबाई, पाण्यात पीठ मळताय होय?” तेव्हापासून त्या व्यायामाला आमच्या तुकडीत ‘कणीक’ हेच नाव पडले आहे.

पाण्याने हा आजार बरा होतो असे कोणी सांगू लागले, तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे. सांध्यांची झीज थोपवते ते औषध. ते सोडून तलावात डुंबणे म्हणजे गळक्या छपराखाली रांगोळी काढणे. पण पाण्याने काहीच होत नाही, हेही खरे नाही. इंग्लंडमधल्या बाथ गावी (रोमन लोकांनी ज्याच्या उष्ण झऱ्यांवर स्नानगृहे बांधली तेच हे गाव) १९९६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग झाला. १३९ रुग्णांचे चार गट केले : एक कोमट पाण्यात व्यायाम करणारा, एक पाण्यात नुसता बसणारा, एक जमिनीवर व्यायाम करणारा आणि एक स्वस्थ पडून अंग सैल सोडण्याचे शिकणारा. आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास, चार आठवडे. बरे सगळ्यांनाच वाटले. परंतु सांध्यांचा दुखरेपणा सर्वांत कमी झाला तो पाण्यात व्यायाम करणाऱ्यांचा. २००७ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगात पाण्यातल्या शंभरांपैकी सत्त्याऐंशी जण म्हणाले, “पुष्कळ बरे वाटते.” जमिनीवरचे तसे म्हणणारे निम्म्याहूनही कमी. मात्र घड्याळ लावून चालायला लावले तेव्हा दोन्ही गट सारखेच! मला हा दुसरा प्रयोग अधिक आवडतो. त्यात पाण्याची स्तुतीही आहे आणि मर्यादाही.

त्या प्रयोगांतले पाणी कोमट असते. आमच्या तलावाला तशी मिजास नाही. थंडीत पहिली पाच मिनिटे बोटे आणखीच आखडतात, आणि डिसेंबरात मी सरळ रजा घेते. शिवाय बाहेर येणे! शिडीच्या प्रत्येक पायरीला वजन परत मिळत जाते, सावकाराने व्याजासकट वसूल करावे तसे. ओला पोशाख अंगातून सोडवणे हा तर पोहण्याहून मोठा व्यायाम आहे.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि तलावाला कुलूप लागले. त्याच सुमारास माझी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी आमच्या भागातल्या दुकानांतून नाहीशी झाली. करोनावर ती चालते अशी हवा उठली होती, म्हणून निरोगी लोकांनी साठवून ठेवली. यांनी सायकलवर गावभर हिंडून दोन पाकिटे मिळवली. तलावाची सोय सासूबाईंनी केली. माळ्यावरचे तांब्याचे घंगाळ खाली काढायला लावले, चिंचेने घासून लख्ख केले, आणि रोज सकाळी त्यात कोमट पाणी भरून माझ्यापुढे ठेवू लागल्या. मी त्यात हात बुडवून कणीक मळत बसे आणि समोरच्या संगणकावर मुलांना ज्ञानेश्वरी शिकवत असे. घंगाळ मुलांना दिसत नव्हते. पाण्याचा आवाज मात्र जात असावा, कारण एकाने विचारले, “मॅडम, तुमच्याकडे पाऊस पडतोय का?”

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मी केला नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे अजून सुजलेली आहेत आणि ती आता तशीच राहणार. जाड पेनने लिहिते, खडूला कापडी पट्टी गुंडाळते, आणि आठवड्यातून तीन दिवस तलावावर जाते. या पावसाळ्यानंतर तिथे काठाला रुंद पायऱ्या आणि कठडा झाला. बँकेतल्या बाईंनी त्यासाठी अकरा अर्ज केले होते.

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात सगळ्यांना तेल-उटणे लावण्याचे काम गेली काही वर्षे मुलीकडे होते. तेलाने बुळबुळीत पाठीवर बोटे दाबून फिरवायला जोर लागतो. यंदा सासूबाईंनी उटण्याची वाटी माझ्याकडे द्यायची ठरवली आहे, आणि पहिली पाठ त्यांचीच आहे.