आजोबांचा रंग

आमच्या ओटीवर आजोबांचा एकुलता एक फोटो होता. १९६४ साली तालुक्याच्या गावी काढलेला. काळा कोट, पांढरी टोपी आणि रागावल्यासारखी नजर. चौकटीला वाळवी लागली तेव्हा त्याची नक्कल करून आणायची कामगिरी माझ्याकडे आली. मी फोटो स्कॅन केला, एका स्वस्त दुकानातून चकचकीत कागदावर छापून आणला, आणि मूळ फोटोचा उरलासुरला तुकडा, आता कशाला हवा, म्हणून टाकून दिला! ते अजून सलतं.

दोन वर्षांनी दिवाळीला घरी गेलो, तर खिडकीसमोरचे आजोबा हिरवट पडलेले. "ह्यांना कावीळ झाली रे," म्हणून आजी हसली. मला काही हसता आलं नाही.

मग शोध घेतला. त्या छपाईत काळा रंग फारसा नव्हताच. निळा, गुलाबी, पिवळा मिसळून यंत्राने करडेपणाचा नुसता आभास केला होता. पाण्यात विरघळलेले ते रंग ऊन आणि हवा सोसत नाहीत, आणि सगळे सारख्या वेगाने विटतही नाहीत. आमच्याकडे गुलाबी आधी गेला, हिरवा उरला.

टिकते ती कार्बनच्या बारीक कणांची शाई. कार्बन म्हणजे काय, तर काजळीच. जुन्या पोथ्या काजळी आणि डिंकाच्या शाईनेच लिहीत. आजीच्या फडताळातली पोथी अजून काळीभोर आहे आणि मी मात्र दुकानं धुंडाळत होतो! शुद्ध कार्बनची छटा किंचित तपकिरी येते. ती मारायला निळा रंगकण घालतात, पण तो कार्बनच्या आधी विटतो. मी तपकिरीच पत्करली.

कागदाचंही तसंच. पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं रसायन घालतात. त्याचा जोर ओसरला की कागद पिवळट होतो. म्हणून तसलं काही नसलेला, सुती, सायीच्या रंगाचा कागद घेतला. किंमत घरी सांगितली नाही.

नवा फोटो पाहून आजी म्हणाली, "कोट जरा फिका वाटतो." खरं होतं, खरखरीत कागदावर काळा तितका गडद उठत नाही. उन्हापासून दूर, माजघरात लावू म्हटलं, तर ती ऐकेना. "रस्ता दिसल्याशिवाय त्यांना करमायचं नाही."

शेवटी फोटो माजघरातच लागला. आजीने दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी आपली बाज तिकडे ओढून घेतली.