वीणा खाली टेकू न देता

प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक ‘सगळं माहीत असलेला’ माणूस असतो. आमच्या टीममध्येही होता. आराखडा त्याच्या डोक्यात, क्लायंटचे फोन त्यालाच आणि पुण्याच्या टीमचे रात्रीचे कॉलही तोच घ्यायचा. सगळ्यांना त्याचं कौतुक! एका सोमवारी कळलं, की त्याची तातडीने अँजिओप्लास्टी झाली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या खाटेवरून तो आम्हाला कुठली फाइल कुठे आहे ते सांगत होता.

त्यानंतर आम्ही जबाबदाऱ्या वाटून घेतल्या. आराखडा एकीकडे, टेस्टिंग दुसऱ्याकडे, क्लायंटशी बोलणं तिसऱ्याकडे. न्यू जर्सीत रात्रीचे नऊ वाजले, की पुण्यात सकाळ. तिथून पुढचे निर्णय पुण्याच्या मुलीचे. दर दोन महिन्यांनी पाळी बदलायची. सुरुवातीला गोंधळच झाला. एकाच प्रश्नाला क्लायंटकडे दोन उत्तरं जाऊ लागली!

तेव्हा मला आजोळचा अखंड हरिनाम सप्ताह आठवला. तिथे वीणा रात्रंदिवस कुणाच्या तरी गळ्यात असते. पहारा बदलला, की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, जमिनीला टेकत नाही. पण एका वेळी वीणेकरी एकच. आम्हीही तसंच ठरवलं. कुठल्या कामात शेवटचा शब्द कुणाचा, हे भिंतीवर लावलं. पाळी सोपवताना काय झालं, काय अडलं, हे लिहून द्यायचं आणि पंधरा मिनिटं बोलायचं.

न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ साली सुरू झाला, तो कंडक्टरशिवाय. तिथेही रचनेगणिक म्होरके बदलतात, पण त्या रचनेपुरता म्होरक्या कोण, हे ठरलेलं असतं.

आमचा मित्र आता ठणठणीत आहे. सुट्टीवर जाताना फोन बंद ठेवतो, आणि प्रोजेक्ट अडत नाही.

मंडळी, आपल्या गणेशोत्सवाचं काय? हॉलच्या बुकिंगपासून प्रसादापर्यंत तीच चार जोडपी धावतात. इथे वाढलेली मुलं खुर्च्या मांडायला येतात, पण निर्णय घेताना त्यांना कुणी विचारत नाही. मग हळूहळू ती येईनाशी होतात. यंदा एक कार्यक्रम संपूर्ण त्यांच्याकडे द्यावा, हिशोबासकट. थोडं चुकेल, इंग्रजीत निवेदन होईल. होऊ दे की! आपण मागे टाळ घेऊन उभे राहू.