पायाखालचा माणूस

डिसेंबर २०२४ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या अवशेषांचे दर्शन घेण्यास आम्ही तळवड्याहून सहकुटुंब जुन्या गोव्यास गेलो होतो. दर्शन आटोपून मांडवीच्या धक्क्याकडे निघालो, तो व्हाइसरॉयची कमान लागली. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना ती उभारली गेली; १९५३ साली ती कोसळली व पुढच्याच वर्षी पुन्हा बांधण्यात आली. नदीकडच्या अंगास वास्कोचा पुतळा आहे, शहराकडच्या अंगास तलवारधारी स्त्री. ही संत कॅथरिन, असे कोणी सांगताच आम्ही हात जोडले.

"आजोबा, तिच्या पायाखाली कोण आहे?" नातीने विचारले.

आम्ही पाहिलेच नव्हते. तेथे एक एतद्देशीय माणूस आडवा पडलेला होता. "असेल कोणी दुष्ट राजा," आम्ही म्हणालो. "पण तो तर आपल्यासारखा दिसतो!"

आमचे उत्तर अगदीच निराधार नव्हते. युरोपीय कलेत कॅथरिनच्या पायाखाली पुष्कळदा तिचा छळ करणारा रोमन सम्राट दाखवतात. निःशस्त्र कन्येचा जुलमी सत्तेवरील तो विजय. परंतु २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्याच सणादिवशी, अल्बुकर्कने गोवा जिंकले आणि हुतात्मा कन्या विजेत्यांची आश्रयदाती झाली. सम्राटाच्या जागी पराभूत भूमिपुत्र आला. वास्तविक कॅथरिन अलेक्झांड्रियाची, म्हणजे इजिप्तची!

हा दोष एकट्या पोर्तुगिजांचा म्हणता येणार नाही. लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीसाठी स्पिरिडिओन रोमा ह्याने १७७८ मध्ये छतचित्र रंगविले. त्यात ब्रिटानिया उंच खडकावर बसली आहे आणि भारत, स्त्रीरूपात, तिला रत्ने अर्पण करीत आहे. जे लुटले, ते चित्रात नजराणा झाले.

आपल्या पुण्यात मात्र एका ख्रिस्ती चित्रकाराने निराळी वाट धरली होती. गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७), अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य, ह्यांनी पवित्र मरियेला साडी नेसवली. गोव्यात त्यांना विरोध झाला. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने आसरा दिला. विरोध करणाऱ्यांत आपलेच श्रद्धाळू बांधव होते, हे आम्हांला अधिक बोचते.

आमच्या तळवड्याच्या घरातील वेदीवरची मरिया निळ्या डोळ्यांची आहे. आमच्या आईने ती आणली होती. ती हलविणे आमच्याने होणार नाही. सायंप्रार्थनेच्या वेळी नात तिच्याकडे टक लावून पाहू लागली, की हल्ली आम्ही जपमाळेचे मणी चुकतो.